याला काम म्हणतात, आई

प्रिय आई,

मी फोन केला की तुझं दूध उतू जातं. गेल्या सात महिन्यांत इतकं उतू गेलंय, की एव्हाना शेगडी विझून गेली असेल. म्हणून आता कागद. कागदही मधेच ठेवून देता येतो, पण तू ठेवणार नाहीस. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडीसुद्धा तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस. तेव्हा चष्मा शोध, खिडकीपाशी बस आणि वाच. मी भांडायलाच बसले आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आधी त्या दिवसाचं. टाइल्सच्या शोरूममधली नोकरी सोडली आणि म्हाताऱ्या, अपंग माणसांना सांभाळायच्या कामाचं शिक्षण घेतेय, असं मी तुला सांगितलं तेव्हा तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द ऐकवले असते. तू हातातलं पातेलं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, “मी तुझ्याही वाटचं धुऊन ठेवलं होतं गं. तुला धुवावं लागू नये म्हणून.” मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडलास आणि कितीतरी वेळ बंदच केला नाहीस. दादा काहीतरी सारवासारव करत राहिला, बाबा पेपरमागून बाहेर आले नाहीत, आणि मी चपला घालून निघाले. त्यानंतर एकेक कानावर यायला लागलं. मावशीच्या जावेला तू सांगितलंस, मी हॉस्पिटलच्या ऑफिसात असते. ते चष्म्याच्या दुकानवाल्यांचं स्थळ आलं होतं, त्यांना सांगितलंस, मी घरं सजवते. आई, मी घरं सजवत नाही. मी माणसांना अंघोळ घालते. त्यांचे कपडे बदलते, दाढी करते, घास भरवते, ओलं झालेलं अंथरूण काढते, पाठीला मलम लावते, त्यांना घेऊन बँकेत जाते, बागेत जाते. लाज वाटावी असं यात काय आहे, ते मी शोधून पाहिलं. सापडलं नाही.

हे खूळ हिच्या डोक्यात शिरलं कसं, असं तू दादाला विचारलंस म्हणे. मला विचारलं नाहीस, पण उत्तर माझ्याकडे आहे. शोरूममध्ये मी पाच वर्षं कॉम्प्युटरवर बाथरूम काढत होते. काळ्या कुळकुळीत टाइल्स, काचेचा पडदा, भिंतीतून पडणारं पाणी. चित्रात माणूस कधी नसायचा, कारण माणूस आला की चित्र बिघडतं, असं मालक म्हणायचे. एक दिवस गळ्यात टेप अडकवलेली एक बाई दुकानात आली. शिवणकाम करणारी. तिनं टाइल्सकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिला भिंतीत बसवायला एक जाड स्टीलचा दांडा हवा होता, जमिनीपासून तेहतीस इंचांवर, नवऱ्याला धरायला. मालक हसून म्हणाले, असलं सामान आम्ही ठेवत नाही, शोरूमची शोभा जाते. तिनं वाद घातला नाही. स्क्रीनवर माझं नवंकोरं बाथरूम झळकत होतं, त्याच्या दाराकडे बोट करून तिनं मला विचारलं, यातून चाकाची खुर्ची आत कशी जाणार? मी दोनशे तरी बाथरूम काढली असतील, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला, आई. अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या घरात वाढलेल्या मला. मी तिचा पत्ता लिहून घेतला, दांडा शोधून काढला आणि सुट्टीच्या दिवशी तो पिशवीत घालून तिच्या घरी गेले.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, आतल्या खोलीत पलंगावर तिचा नवरा. तो गवंडी. सव्वीस वर्षं लोकांच्या घरांत फरशा बसवल्या, आणि एक दिवस परांचीवरून पडला. कमरेखाली काही कळत नाही. मी गेले तेव्हा त्याला पलंगावरून खुर्चीत घ्यायची वेळ होती आणि ते काम करायला एक गृहस्थ आले होते. साठीकडे झुकलेले, पांढऱ्या मिशा, रुंद पंजे, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. पूर्वी जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होते, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणतात. खरे कप्तान हे ऐकून काय म्हणतील कोण जाणे. त्यांनी आधी खुर्चीचा ब्रेक लावला आणि तो लागला का, हे हलवून पाहिलं. घोटून गुळगुळीत केलेली एक फळी पलंग आणि खुर्चीच्या मधे टेकवली. आता मी तुमच्या उजव्या बाजूला हात लावतोय, असं सांगितलं. मग गुडघे वाकवून उभे राहिले आणि विचारलं, निघायचं? आणि थांबले. गवंड्यानं श्वास घेतला, चला म्हणाला, आणि दोघं मिळून, कुठे हिसका नाही, कण्हणं नाही, खुर्चीत गेले. मी दारात उभी राहून पाहत होते. पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते वेगळंच. त्या सगळ्या वेळात बाहेर शिवणयंत्र चालू होतं. तिनं मान वर करूनही पाहिलं नाही. मला पहिल्यांदा तिचा राग आला. मग लक्षात आलं, की तिला पाहावं लागत नव्हतं. ती तिच्या कामात होती, कारण आतल्या कामाला माणूस होता.

गवंड्यानं माझं कार्ड मागून घेतलं, त्यावरचं बाथरूमचं चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, हे कुणी काढलं, हाडांच्या डॉक्टरनं? मी म्हटलं, मी काढलं. तो इतका हसला की कप्तानांना त्याला धरावं लागलं. मग त्यानं मला खुर्चीत बसल्या बसल्या शिकवलं. दांडा टाइलमध्ये नाही, भिंतीच्या गाभ्यात जायला हवा. उंची टेपनं ठरवायची नाही. माणूस घाबरला की त्याचा हात आपोआप कुठे जातो, ते बघायचं आणि तिथे खूण करायची. तेहतीस इंच चुकीचे निघाले, साडेएकोणतीस बरोबर. त्या दिवशी आम्ही भिंतीला तीन वेळा भोकं पाडली. संध्याकाळी त्यानं दांडा धरून स्वतःचं अंग स्वतः सरकवलं आणि बायकोला हाक मारली, ती मात्र तेव्हा यंत्र थांबवून आली. मी बसमध्ये बसले तेव्हा केसांत सिमेंट होतं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की आज मी कामावर गेले होते.

कप्तानांना मी विचारलं, या कामात शिरायचं तर काय करावं लागतं. मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, दुपारी मी एका वृद्धाश्रमात असतो, तिथे चार दिवस या. कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पाचव्या दिवशीही यावंसं वाटलं तर पुढचं बोलू. पहिल्या दिवशी मला उलटी झाली, हे तुझ्यापासून लपवत नाही. वास आला आणि मी आठ वर्षांची झाले, आजीच्या खोलीच्या दाराशी उभी. दुसऱ्या दिवशी पळून जायचं ठरवूनच गेले होते, पण एका आजोबांना बुटाची नाडी बांधायची होती. लकवा झालेल्या हातानं, स्वतःची स्वतः. त्यांच्यासमोर एक मुलगी बसली होती, आणि तिचं काम काय, तर मदत न करता थांबणं. अकरा मिनिटं लागली. नाडी बांधून झाल्यावर आजोबांनी आजूबाजूला असं पाहिलं, जसं काही सगळा वृद्धाश्रम त्यांनीच बांधलाय. पाचव्या दिवशी फाटक उघडायच्या आधी मी बाहेर उभी होते. कप्तानांनी मला हात कसे धुवायचे ते दाखवलं; मी एकतीस वर्षं चुकीचे धूत होते म्हणे.

मग सहा महिन्यांचा अभ्यास. तू म्हणालीस ना, यात शिकायचं काय असतं. शिकायचं असतं, आई. घास अडकतोय हे गळ्याकडे बघून कसं ओळखायचं. कातडी लाल झाली तर किती तासांत कूस बदलायची. दुसऱ्याचं वजन स्वतःच्या कमरेवर न घेता मांड्यांवर कसं घ्यायचं. चिडलेल्या माणसाशी वाद न घालता त्याच्या बाजूला जाऊन कसं उभं राहायचं. आमच्या बाईंनी आम्हाला एकदा चाकाच्या खुर्चीत बसवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि त्या चहाला निघून गेल्या. पंधरा मिनिटांत चौदा जणांचे चेहरे उतरले. पण माझी खरी पंचाईत झाली ती पुस्तकातल्या एका पानावर. त्या पानाचं नाव ‘काळजी घेणाऱ्याची झीज’. खाली यादी. कंबर, मनगट. मोडलेली झोप. उभ्यानं जेवणं. बाहेरच्या माणसांशी संबंध तुटणं. क्षुल्लक कारणावरून ओरडणं आणि मग स्वतःलाच दोष देणं. वर्गात सगळे ओळींखाली रेघा मारत होते. मी पेन्सिल खाली ठेवली. ते पान मला पाठ होतं. नऊ वर्षं आपल्या घरात ते पान कमरेला पट्टा बांधून हिंडत होतं. तू तुझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेली नाहीस, कारण आजीला दोन दिवस कोण बघणार. शाळेतून आल्यावर मला कधी तू बसलेली दिसली नाहीस. आणि आजी गेल्यावर लोक भेटायला आले, तेव्हा बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, आईची फार सेवा केलीत हो. तू आत सगळ्यांसाठी चहा करत होतीस. मी सतरा वर्षांची होते, कपांचा ट्रे माझ्याच हातात होता, आणि तो मी आपटला का नाही, याचा मला अजून राग येतो.

म्हणून मी तुझं ऐकणार नाही. तू म्हणतेस, ज्या चिखलातून मी बाहेर आले त्यात तू का उडी मारतेस. मी म्हणते, चिखल कामाचा नव्हताच. आजीला पुसणं, भरवणं, कूस बदलणं, यानं तुझी कंबर गेली नाही. तू एकटी होतीस, यानं गेली. तुला सुट्टी नव्हती, बदली माणूस नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, आणि जे करत होतीस त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. सूनच ना, करेल, म्हणत होते. मला पगार मिळतो, आठवड्याची सुट्टी मिळते, आणि माझी वेळ संपली की दुसरी बाई येते आणि मी घरी जाऊन पाय पसरून बसते. जे तुला फुकटात, न विचारता करायला लावलं, ते मी शिकून, ठरवून, मोबदला घेऊन करते. यात तुझा अपमान आहे असं तुला वाटतं. मला वाटतं, तुझ्या बाजूनं बोलणारं आपल्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

अभ्यासाचाच भाग म्हणून मला त्याच वृद्धाश्रमात घेतलं, आणि माझ्याकडे आल्या हेडबाई. चाळीस वर्षं शाळा चालवलेल्या, ताठ मानेच्या, आणि आता कालचं काही न आठवणाऱ्या. रोज सकाळी मी त्यांच्या खोलीत शिरले की त्या म्हणायच्या, उमेदवार, आत या. त्यांच्या शाळेतल्या जागेसाठी मी मुलाखतीला आले आहे, अशी त्यांची पक्की समजूत. मी एकोणीस वेळा नापास झाले. एकदा कॉलर चुरगळलेली होती म्हणून, एकदा भरभर बोलते म्हणून, एकदा मुलांना अशा चेहऱ्याची भीती वाटेल म्हणून. त्या अंघोळीला तयार व्हायच्या नाहीत. मग मी त्यांना सांगायला लागले, की मुलाखतीआधी हेडबाईंनीही तयार व्हायला हवं, उमेदवार बाहेर थांबलाय. हे त्यांना पटायचं. शेवटचा प्रश्न रोज तोच असायचा. हे काम तुम्हाला का करायचंय? मी रोज पुस्तकातलं काहीतरी उत्तर द्यायचे. सेवा, समाधान, असं. त्या हात झटकून म्हणायच्या, पुढचा.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. ती सांगितली नाही तर बाकीचं सगळं फुशारकी ठरेल. त्या दिवशी तीन जण कामावर आलेच नव्हते आणि माझ्या वाट्याला पाचाऐवजी नऊ माणसं आली. घड्याळाकडे बघत मी धावत होते. हेडबाईंना उठवून बसवायला दोघी लागतात. मी एकटीनं, न सांगता, त्यांचा हात धरून ओढलं. म्हातारी कातडी ओल्या कागदासारखी असते, आई, तुला माहीत आहे. कोपराखाली ती चार बोटं लांब फाटली. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “मला विचारायचं होतंत.” मी जखम बांधली, नर्सला बोलावलं, आणि वहीत जे झालं ते माझ्या नावानं लिहिलं. दुपारी त्यांचा मुलगा आला, तोंडाला येईल ते बोलला, आणि मी ऐकून घेतलं, कारण तो चुकत नव्हता. मला वाटलं, आता घरी पाठवतील, आणि आईच बरोबर होती असं होईल. पण सगळ्यात जास्त त्रास झाला तो घरी परतताना. तू आजीला एकटी उचलायचीस, तेव्हा तुझ्या हातूनही असं झालं असेल. कुठल्या वहीत लिहायचं होतंस तू? कुणाला सांगायचं होतंस?

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गत. माणसं कमी, आणि ऑफिसातून निरोप, की सांभाळून घ्या. कप्तानांनी हातमोजे काढून खिशात घातले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. मग एकेक करून आम्ही नऊ जण बसलो. ज्यांना तातडीचं काही होतं त्यांचं आधी जोडीनं उरकून आलो होतो, कुणाला उपाशी किंवा ओलं ठेवलं नव्हतं. मॅनेजर धावत आले, म्हणाले, आत म्हातारी माणसं खोळंबली आहेत, तुम्हाला काही वाटतं का. मला बोलायला येतं हे तेव्हा मलाही नवीन कळलं. मी म्हणाले, “काल घाईत मी एकीचा हात फाडला. आज पुन्हा फाडणार नाही. माणसं बोलवा.” ते नोकरीवरून काढायचं बोलले, कालची माझी चूक सगळ्यांसमोर काढली. मी म्हटलं, काढा, वहीत मीच लिहिली आहे. तेवढ्यात हेडबाई पट्टी बांधलेला हात सांभाळत दारात आल्या आणि तास अजून सुरू का झाला नाही, म्हणून मॅनेजरांनाच झापायला लागल्या. पाऊण तासात चार माणसं बदलीवर आली. आता एकाच्या वाट्याला पाचांपेक्षा जास्त माणसं देता येणार नाहीत, असं भिंतीवर लावलंय. तो कागद मी लिहिलाय. तुला वाटतं मी खाली मान घालून लोकांची घाण काढते. येऊन बघ कुणाची मान कुठे आहे.

त्याच आठवड्यात हेडबाईंनी पुन्हा विचारलं, हे काम तुम्हाला का करायचंय? मला पुस्तकातलं काही सुचेना. मी म्हटलं, माझ्या आईनं हे नऊ वर्षं केलं आणि कुणी त्याला काम म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, मग इतका उशीर का केलात? आणि उशाशी होतं ते वर्तमानपत्र घडी करून, दोन्ही हातांनी, मला नेमणुकीचं पत्र म्हणून दिलं. अर्थात दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलाखत झाली आणि मी नापास झाले. पण परीक्षा पास झाले, ती खरी. गेल्या तीन महिन्यांपासून सकाळी गवंड्याकडे आणि आणखी एका घरी असते, दुपारी वृद्धाश्रमात. सुट्टीच्या दिवशी कधीमधी मी आणि गवंडी लोकांकडे दांडे बसवायला जातो. तो खुर्चीतून ओरडतो, मी भोकं पाडते.

आता गेल्या महिन्याचं. मी दुपारी न कळवता आले, आठवतं? तू दार वीतभरच उघडलंस. बाबांना जरा अशक्तपणा आहे, झोपलेत, म्हणालीस. मी आत आले, वीस मिनिटं बसले, चहा प्यायले आणि त्याबद्दल तुला काही न विचारता निघाले, म्हणून तुला हायसं वाटलं असेल. पण आई, ज्या शिक्षणाचं तुला हसू येतं, त्यानं तयार झालेले डोळे घेऊन मी आले होते. बाबांचा कप अर्धाच भरलेला होता. त्यांची पावलं जमिनीला चिकटत होती. बाथरूमची कडी काढलेली होती आणि आत ओल्या फरशीवर बागेतली प्लास्टिकची खुर्ची होती. ती घसरते, दोन्ही पाय एकदम. तुझ्या दंडावर चार बोटांचे निळे डाग होते, उठताना ते तुला धरतात त्या जागी. फ्रिजवरची डॉक्टरांची चिठ्ठी मी वाचली. कंपवात. आणि तारीख वाचली. म्हणजे मी नोकरीचं सांगायला आले, त्याच्या चार दिवस आधीची. त्या दिवशी नळ सोडून तू माझ्यासाठी रडत नव्हतीस. तुझं दुसऱ्यांदा सुरू झालं होतं, आणि त्याच घरात उभी राहून मी तुला सांगत होते, की मला हेच काम आवडतं. मला माफ कर. मला माहीत नव्हतं. पण मला माहीत होऊ नये म्हणून तूही काही कमी कष्ट घेतले नाहीस.

तू चहा टाकायला गेलीस तेवढ्यात बाबा माझ्याशी बोलले. म्हणाले, “माझ्या आईला तिनं एकटीनं उचललं, आणि मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होतो. आता मी तिच्या अंगावर पडतो तेव्हा कळतं.” हे त्यांनी तुला कधी सांगितलं नसेल, आणि सांगतीलसं वाटत नाही, म्हणून मी चहाडी करते आहे. मी त्यांना विचारलं, घरात बाहेरचा माणूस मदतीला आलेला चालेल का. अंग त्यांचं आहे, विचारायला त्यांनाच हवं. ते म्हणाले, चालेल, पण पुरुष असावा, आणि फार बडबड्या नको. तेव्हा ऐक. येत्या सोमवारी सकाळी आठला कप्तान येतील. रोज दोन तास, आठवड्यातून सहा दिवस. त्यांच्या सुट्टीला बदली माणूस येईल, त्याचंही ठरलंय. कप्तान येत नाहीत तोवर बाबांना अंघोळ घालू नकोस, बसल्या बसल्या पुसून घे. पैशांचं दादानं आणि मी पाहिलंय, तो विषय काढायचा नाही. गवंडी आणि मी रविवारी येऊन दांडा बसवू, त्या खुर्चीची मी तिथेच वाट लावणार आहे. हे काम मी स्वतः का करत नाही, असं तुझ्या मनात येईलच. मी केलं तर ते पुन्हा मुलगीच ना, करेल, असं होईल, आणि मला ते आपल्या घरात परत होऊ द्यायचं नाही. मी येईन ती मुलगी म्हणून, बाबांशी पत्ते खेळायला आणि तुझ्याशी भांडायला. कप्तानांसमोर संकोच करू नकोस. पहिले दोन दिवस त्यांच्या मागे उभी राहून सूचना देशील, ते मी त्यांना सांगून ठेवलंय, ते हसले. शेजारच्या काकूंनी विचारलं तर लांबचे भाऊ आलेत असं सांगायचं नाही. काळजी घेणारे आलेत, माझी मुलगी हेच काम करते, असं सांगायचं. आणि तिसऱ्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटांनी पर्स घे, घराबाहेर पड आणि दहापर्यंत परत येऊ नकोस. कुठे जायचं ते मला विचारू नकोस, आई. ते तू ठरव.

तुझीच, आणि सगळ्या बाबतीत तुझ्यावरच गेलेली,
भुंगी